नवऱ्याला सगळं आधीच कळतं – फोन, सिम, ओटीपीबद्दल मदत हवी

तापीकाठची_पोर
नमस्कार मंडळी. प्रश्न मामेबहिणीचा आहे. ती जळगाव जिल्ह्यात [गावाचं नाव काढलं आहे – अ‍ॅडमिन] इथे असते. दोन मुलं. नवऱ्याचा हात उठतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे गप्प आहेत. आत्ताची अडचण अशी की ती काहीही करायला गेली की त्याला आधीच कळलेलं असतं. आईला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं तो संध्याकाळी शब्दन् शब्द ऐकवतो. दवाखान्याचं नाव सांगून वकिलाकडे निघाली, तर हा त्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून उभा. फोन त्यानेच घेऊन दिला, सिम त्याच्या नावावर, जीमेलही त्यानेच उघडून दिलं. तिला वाटतं घरात माईक लावलाय. मी म्हटलं, फोन फॉरमॅट मार. ती म्हणाली, "आणि त्या रात्री माझं काय होईल?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही सांगा.

अमळनेर_टू_हिंजवडी
आज रात्रीच करा: फॅक्टरी रीसेट, नवीन जीमेल, सगळीकडे टू-स्टेप, व्हीपीएन, आणि सगळे पासवर्ड वेगवेगळे. एक तासाचं काम आहे. मी व्हिडिओ कॉलवर करून देतो, पैसे वगैरे नको.

चार्जर_पॉइंट
भाऊ, तुमच्या फोनला हे ठीक. पण ज्याच्या हाताखाली ती झोपते, त्याला सकाळी कोरा फोन दिसला तर पहिला प्रश्न "का केलं" असा येणार, आणि तो तोंडाने विचारला जाईलच असं नाही.

धुळ्यात माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. "बायकोच्या फोनात काहीतरी टाकून द्या" म्हणणारे गिऱ्हाईक येतात. मी टाकून देत नाही, पण त्यांच्या बोलण्यातून कळतं की बऱ्याच जणांना वेगळं काही टाकायची गरजच नसते. दार आधीपासून उघडं असतं. ताईच्या बहिणीचं ऐकून मला दोनच गोष्टी दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक केलेली डिव्हाइस' नावाचा भाग असतो. मुख्य फोनशिवाय आणखी ४ ठिकाणी तेच व्हॉट्सअ‍ॅप चालतं. फोन एकदा उघडा मिळाला की दुसऱ्या मोबाइलवर, नाहीतर घरच्या टॅबवर कोड स्कॅन करायला मिनिटही लागत नाही. मग आईचा मेसेज दोन्हीकडे येतो. आणि गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला ते लोकेशनवरून. जीमेल त्याच्याकडेही चालू असेल तर गूगलच्या 'फोन शोधा' सोयीत तिचा फोन नकाशावर दिसतो. त्यासाठी हेर लागत नाही.

बघायचं असेल तर नुसतं बघा. काढू नका, लॉगआउट करू नका. लॉगआउट केलं की त्याच्या स्क्रीनवर त्याच क्षणी बंद पडेल.

अमळनेर_टू_हिंजवडी
पण खरंच स्टॉकरवेअर (पाळत ठेवणारं छुपं अ‍ॅप) असेल तर? फोन गरम होणं, बॅटरी उतरणं ही लक्षणं असतात ना?

चार्जर_पॉइंट
भुसावळच्या मे महिन्यात फोन गरम झाला म्हणून हेरगिरी म्हणायची, तर अख्ख्या खान्देशावर पाळत आहे 😄 लक्षणांवर जाऊ नका. तसलं अ‍ॅप बहुतेक वेळा प्ले स्टोअरच्या बाहेरून, फोन हातात घेऊनच टाकावं लागतं. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. प्ले स्टोअरमध्ये 'प्ले प्रोटेक्ट' (घातक अ‍ॅप तपासणारी सोय) कोणी बंद करून ठेवलंय का. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, 'डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप्स' आणि 'नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस' या तिन्ही ठिकाणी अनोळखी नाव चालू आहे का. नाव मात्र 'सिस्टिम सर्व्हिस' असं साळसूद असतं. आणि फिंगरप्रिंटच्या यादीत किती बोटं नोंदवलेली आहेत, तेही मोजा.

एक लक्षात ठेवा, असं अ‍ॅप असलंच तर ती सेटिंगमध्ये फिरतेय हेही त्याला दिसू शकतं. म्हणून निमित्त हवं. "फोन भरला, मुलाची गेम उतरत नाही, जागा करतेय" एवढं पुरतं.

सरळमार्गी
नवरा-बायकोत लपवायचं काय असतं हे मला कळत नाही. माझ्या फोनला लॉकच नाही, बायको कधीही बघते. काहीतरी असल्याशिवाय कोणी लपवत नाही. आणि बायकाही नवऱ्याचे फोन तपासतात, त्याचा धागा कोणी काढत नाही.

गिरणाकाठ
माय वं! नवरा शे म्हनीसन काय बायकोना फोनना बी मालक व्हई गया का?

पांझरा
सरळमार्गी, तुमच्या बायकोने उद्या फोनला लॉक लावलं तर तुम्ही तिला माराल का? नाही ना? मग हा धागा तुमच्या घराबद्दल नाही. पुढे जाऊ या.

तापीकाठ ताई, मी या सगळ्यातून बाहेर पडलेली बाई आहे. तपशील लिहिणार नाही. जे कामाला आलं तेवढं सांगते.

त्याचा फोन त्याचाच राहू दे. म्हणजे तिच्या हातातला फोन ही त्याची खिडकी आहे असं धरून चालायचं आणि खिडकीत रोजचंच दिसू द्यायचं. रेसिपी, भजनं, आईची चौकशी, मुलांचे गृहपाठ. एकदम शांत झाली तरी त्याला संशय येतो. खरं बोलणं दुसऱ्या फोनवर. तो फोन तिच्या घरात नको. शेजारीण, शाळेतली बाई, पार्लरवाली, कोणी एक विश्वासाचं बघा. सासरच्या नात्यातली बाई शक्यतो नको, तिची कितीही दया आली तरी.

दुसऱ्या फोनवर नवीन जीमेल उघडायचं. जुनं जीमेल त्यात चुकूनही टाकायचं नाही. जुन्या खात्याने नव्या फोनवर लॉगिन केलं की "नवीन डिव्हाइसवरून साइन-इन" अशी सूचना त्या खात्यावर जाते आणि ती त्याच्याकडे वाजते. नव्या खात्याला रिकव्हरी नंबर आईचा किंवा तुमचा द्या. सुरक्षा प्रश्न असेल तर उत्तर खोटं द्या, कारण पहिल्या शाळेचं नाव आणि माहेरचं आडनाव नवऱ्याला पाठ असतं.

पुराव्याचे फोटो जुन्या फोनवर काढू नका. अंगावरच्या वळांचे फोटो काढले की गूगल फोटोजचा बॅकअप ते आपोआप वर चढवतो, आणि खातं त्याच्याकडे उघडं असेल तर तिच्या आधी तोच बघतो. जुन्या फोनची स्क्रीन दुसऱ्या फोनने टिपायची. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ एकाच चौकटीत यायला हवी.

तापीकाठची_पोर
पांझरा ताई, खूप आभार. धागा तिला वाचायला पाठवू का?

पांझरा
नाही!! लिंक नाही, स्क्रीनशॉट नाही. तुम्ही वाचा आणि समोर बसून सांगा. हिस्टरी पुसून टाकू असंही म्हणू नका, रोज भरलेली हिस्टरी एक दिवस रिकामी दिसली तरी प्रश्न येतो.

अ‍ॅडमिन
मूळ लेखातलं गावाचं नाव, मुलांची वयं आणि नवऱ्याच्या धंद्याचा उल्लेख काढला आहे. हा धागा कोणीही वाचू शकतं, तो स्वतःही. खुणेचे शब्द, जायची तारीख, गाडीची वेळ इथे लिहू नका. तशी पोस्ट दिसल्यास काढली जाईल.

काळा_कोट
वकील आहे, कौटुंबिक आणि फौजदारी दोन्ही बघते. कायद्याचं थोडं.

बाईचा इंटरनेट, ई-मेल किंवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक संवादाचा वापर पाळतीवर ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास ३ वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ च्या आधी हेच भारतीय दंड संहितेत ३५४-ड होतं. नवऱ्याला त्यातून सूट दिलेली नाही. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-क लागू शकतं. खासगी भागाचे फोटो तिच्या संमतीशिवाय काढले किंवा पसरवले तर ६६-ई आहे.

पण मी माझ्या पक्षकारांना आधी २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा सांगते, कारण तिथे बाईला तात्काळ काहीतरी हातात मिळू शकतं. कलम १८ च्या संरक्षण आदेशात प्रत्यक्ष, फोनवर किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने संपर्क करायचा नाही असं न्यायालय बजावू शकतं. कलम २३ खाली, शपथपत्रावर, समोरच्याचं ऐकण्याआधीही अंतरिम आदेश देता येतो. तो मोडला तर कलम ३१ प्रमाणे १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कलम २७ बघा, ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो. म्हणजे माहेरच्या तालुक्यातून करता येतो, सासरच्या गावी खेटे घालायला नकोत. कायद्यात पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत असं लिहिलंय. लिहिलंय एवढंच म्हणते.

खर्चाची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

फॉरमॅट न करण्याचं आणखी एक कारण: मूळ मेसेज मूळ फोनात असणं पुराव्याला बरं. छापील प्रत लावताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, फोनच गेला तर ते कशाचं देणार?

अमळनेर_टू_हिंजवडी
मग तिनेही त्याचं बोलणं रेकॉर्ड करावं का? कोर्टात चालतं का ते?

काळा_कोट
जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक खटल्यात पती-पत्नीतलं गुपचूप रेकॉर्ड केलेलं संभाषण पुरावा म्हणून घेता येईल असं सांगितलं. पण ते दोन्ही बाजूंना लागू आहे. तोही रेकॉर्ड करत असेल हे धरूनच बोलावं. रागाच्या भरात "मी विष खाईन", "मुलांना घेऊन विहिरीत जाईन" असलं काही फोनवर बोलू नये. ते मुलांच्या ताब्याच्या अर्जात पुढ्यात येतं. आणि धमकी अंगावर येत असताना रेकॉर्डिंग चालू करण्याच्या नादात थांबू नये. सरळ ११२ वर पोलिसांना फोन.

निवृत्त_बाई
मी शाळेत होते, आता पारोळ्याला असते. मोबाइलमधलं मला फार कळत नाही, पण पैशाचं आणि कागदाचं कळतं, आणि आमच्याकडच्या बाया तिथेच अडकतात.

सिम त्याच्या नावावर म्हणजे नंबर त्याचा. तो दुकानात जाऊन डुप्लिकेट सिम काढू शकतो, मग तिचे सगळे ओटीपी त्याच्या खिशात. तिचं आधार, बँक, गॅस, सगळं त्याच नंबराला जोडलेलं असणार. लाडकी बहिणीचे १५०० तरी तिच्या खात्यात येतात म्हणावं, तर खात्याचा मेसेज त्याच्या फोनवर. ई-केवायसीलाही नवऱ्याचा आधार आणि त्याच्या फोनवरचा ओटीपी लागला. कितीतरी जणींना त्यासाठी हाजी हाजी करावी लागली.

तर आधी तिच्या स्वतःच्या आधारवर सिम काढायचं, आणि ते त्या दुसऱ्या फोनात. आधारचा मोबाइल नंबर केंद्रावर जाऊन, बोटाचा ठसा देऊन बदलता येतो, जुन्या नंबरावरचा ओटीपी लागत नाही. पण हे निघायच्या अगदी जवळ करा. बदल झाला की त्याच्याकडे येणारे ओटीपी थांबतात, आणि थांबलेले त्याच्या लक्षात येतात.

खातं पोस्टात किंवा दुसऱ्या बँकेत उघडावं, पण ज्या शाखेत सासरचं कोणी काउंटरला बसतं तिथे नको. आमच्याकडे एका गावात शाखेपेक्षा नातीच जास्त. एक बारीक गोष्ट. नवीन खातं उघडताना "सरकारी अनुदान या खात्यात जोडायचं का" असं विचारतात. आत्ता नाही म्हणायचं. जोडलं की जुन्या खात्यात येणारे पैसे नवीनकडे वळतात, आणि पुढच्या हप्त्याला घरात बोंब होते. पासबुक आईकडे.

प्रवासाचं म्हणाल तर एसटीसारखं काही नाही. बायांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, रोख द्या, चढा. ऑनलाइन तिकीट, फोनपे, एटीएम हे सगळं मागे कागद सोडतं. त्याची गाडी असेल तर टोलचा फास्टॅग मेसेजही त्यालाच जातो.

चार्जर_पॉइंट
बाईंनी लाख मोलाचं सांगितलं. स्कूटीही बघा, सीटखाली, नंबरप्लेटमागे. छोटं जीपीएस यंत्र किंवा चावीला लावायचा टॅग असतो. अनोळखी टॅग सोबत फिरत असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोन आपणहून सूचना देतात, ती झटकू नका. आणि सापडला तरी काढू नका, फोटो काढा. काढायचा तो निघायच्या दिवशी.

सरळमार्गी
म्हणजे तुम्ही सगळे मिळून एक संसार मोडायला निघालात.

निवृत्त_बाई
भाऊ, हात कोणी उचलला ते पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय.

तापीकाठची_पोर
माहिती गोळा झाली. काल एका लग्नात भेटलो, हळदीच्या गोंधळात कोणाचं लक्ष नव्हतं. तिने आधीच निमित्त काढून बघितलं होतं. लिंक केलेल्या डिव्हाइसमध्ये एक टॅब आहे, 'आज सक्रिय'. तो मुलाचा टॅब! दिवाळीला आणलेला. रात्री मुलगा झोपला की टॅब नवऱ्याकडे असतो. त्यावर जीमेलही तिचंच चालू आहे. फिंगरप्रिंटमध्ये तिच्या माहितीपेक्षा एक बोट जास्त. बाहेरचं अ‍ॅप काही दिसलं नाही. माईकची भीती मात्र गेली, आणि ती रडली त्यामुळेच. म्हणाली, मला वाटायचं माझं डोकं फिरलंय.

आता निघायचं कसं? अखाजीला (अक्षय तृतीयेला) ती माहेरी येईलच, ते त्यालाही नाकारता येत नाही, चार लोक विचारतात.

पांझरा
अखाजी म्हणजे उत्तम. लेकीबाळी येतातच, बॅग भरलेली दिसली तरी कोणी विचारत नाही. तारीख इथे लिहू नका (पंचांगात सगळ्यांना दिसते ते असो). कागद आधी एकेक हलवा: तिचं आणि मुलांचं आधार, जन्मदाखले, शाळेचे दाखले, रेशनकार्डाची प्रत, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका, दवाखान्याचे केसपेपर. केसपेपर नक्की. डॉक्टरने "घरात पडली" लिहिलं असेल तरी तारीख आहे त्यावर.

आई आणि तिच्यात एक साधं वाक्य ठरवा, जे जुन्या फोनवर उघड बोलता येईल आणि ज्याचा अर्थ "आत्ता माणसं पाठव" असा होईल. पिठाचं, पापडाचं, काहीही. दोघींनीच ठरवा.

आल्यावर पहिल्या दिवशी काही तोडू नका. जुना फोन चालू राहू दे, माहेरीच आहे तर लोकेशन माहेरचंच दिसणार, त्यात नवल नाही. संरक्षण अधिकारी (घरगुती हिंसाचार कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) किंवा वकिलाकडे जाताना तो फोन घरीच झोपाळ्याजवळ पोरींकडे ठेवून जा. अर्ज दाखल झाला, पोलिसांना कल्पना दिली, घरात दोन-चार माणसं आहेत, मग तोडा. आणि तोडायचं ते एकाच बसणीत: व्हॉट्सअ‍ॅपमधून सगळी लिंक डिव्हाइस बाहेर, व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिन (सिम त्याच्या नावावर आहे तोवर हा पिनच त्याला तिचं व्हॉट्सअ‍ॅप लगेच उघडू देणार नाही, पण कायमचा अडवणारही नाही), बँकेत नंबर बदल, यूपीआय पिन. तुकड्यातुकड्याने केलं तर प्रत्येक तुकड्याला त्याचा एक फोन येतो. सगळ्यात जास्त धोका त्या दिवसापासून पुढे असतो, त्याला कळतं की हातातून सुटली. म्हणून त्या रात्री ती एकटी नको.

काळा_कोट
जोड देते. माहेरी टिकणं शक्य नसेल, भावकीच दबाव आणत असेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे. तिथे साधारण ५ दिवस राहता येतं. डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशन एकाच जागी. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर दिवसरात्र चालतो, पण तिच्या जुन्या फोनवरून लावू नका, कॉलच्या यादीत राहतो. अर्जात राहण्याचा पत्ता जातो आणि नोटीस त्याच्याकडे जाते, तेव्हा पत्ता कुठला द्यायचा हे वकिलाशी आधीच बोला.

फोटोंची धमकी असेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर महिला-मुलांच्या विभागात नाव न देताही तक्रार होते. स्टॉपएनसीआयआय नावाची सोय २०२१ पासून आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याची आकडी खूण तयार होते आणि तेवढीच जाते. सामील असलेल्या कंपन्या त्या खुणेवरून तो फोटो अडवतात. १९३० मात्र पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, तिथे यासाठी वेळ घालवू नका.

अमळनेर_टू_हिंजवडी
तुकड्यात नाही, एकाच बसणीत – हे पटलं. त्या दिवशी मी फोनवर हजर राहीन. मला वेळ व्यनिमध्ये (खासगी निरोपात) सांगा, इथे नको.

तापीकाठची_पोर
(बऱ्याच दिवसांनी) ती आली आहे. मुलं सोबत. अर्ज गेला, बसणी झाली, अमळनेरवाल्या दादांनी दोन तास धीर धरून करून दिलं. नवीन नंबर फक्त पाच जणांकडे. मामाने दाराशी खाट टाकली आहे. सासरकडून निरोप येतात, मध्यस्थ येतात, ती बाहेर येत नाही. सगळ्यांचे आभार वेगळे लिहीन.

दोन प्रश्न. शाळेच्या पालक ग्रुपवर तोही आहे, तिथे नवा नंबर टाकावाच लागेल का? आणि टॅब तिकडेच राहिला होता. आता त्याने मुलासाठी म्हणून तो माणसाकरवी पाठवला आहे. मुलगा हट्ट करतोय.

निवृत्त_बाई
शाळेत स्वतः जा, मुख्याध्यापकांना भेटा. ग्रुपवर नंबर गेला की शंभर जणांकडे गेला. वर्गशिक्षिकेला आईचा नंबर द्या, निरोप तिथे येतील. मुलांना शाळेतून न्यायला कोण येणार हेही लेखी देऊन ठेवा, पोच घ्या.

चार्जर_पॉइंट
टॅब चालू करू नका. वायफाय तर अजिबात नाही. चालू असेल तर बंद करा आणि वकिलांना विचारा, पुरावा म्हणून तसाच ठेवायचा का. त्यांनी नको म्हटलं तरच माझ्याकडे पाठवा, मी पुसून, नवीन खात्याने मुलाला परत देतो. तोवर मुलाला सांगा, टॅब दुकानात दुरुस्तीला गेलाय.